बोडीकडची पट्टी

रत्नपाल डोंगरेला कोणी नुसता ड्रायव्हर म्हटलं की मला राग येतो. ट्रॅक्टर चालवणारे आमच्या गावात सतरा-अठरा आहेत आणि त्यातले निम्मे गाणी लावून चालवतात. रत्नपाल ट्रॅक्टर ऐकायचा. रस्त्याने कोणाचा ट्रॅक्टर गेला, तर हातातला चहाचा कप खाली न ठेवता तो सांगायचा, "याचा एक इंजेक्टर गेला." दोन दिवसांत तो ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा असायचा. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या पुढच्याच वर्षी जन्मला, म्हणून बापाने हौसेने रत्नपाल नाव ठेवलं. सातवीनंतर शाळा सुटली, पण हिशेब सगळा तोंडी. मी गणिताचा मास्तर. त्याचं उत्तर माझ्याआधी यायचं आणि बरोबर यायचं, हे मला फार खटकायचं.

त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण हे कौतुकाचं लिहिणं नाही. २०११ च्या जुलैमध्ये त्याच्या मुलीच्या पोटातलं मूल गेलं. ते कशाने गेलं, हे डॉक्टरही सांगू शकला नाही. माझा त्यात काय हात होता, ते मात्र मी सांगू शकतो. ते मी आठ वर्षं सांगितलं नाही.

आमचं गाव गोंदियाकडचं, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्याखाली. जिकडे बघाल तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या धुऱ्यांवर, बांधांवर, तूर. मी २००८ साली शाळेतून निवृत्त झालो आणि गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी झालो. संस्थेकडे बारा एकर कुरण होतं आणि त्या कुरणात गवत सोडून सगळं होतं. मुख्य म्हणजे तरोटा, ज्याला दुसरीकडे टाकळा म्हणतात. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. माणसं मात्र आषाढात त्याची कोवळी पानं खुडून भाजी करतात, कांदा घालून, आणि आमच्याकडे ती भाजी झाली नाही असं एक घर सापडायचं नाही. महिनाभराने तो कंबरेएवढा होतो, मग गवताला ऊनही मिळत नाही. गाई उपाशी, दूध कमी. बायांकडून दोन वर्षं निंदून पाहिलं, पुढच्या आषाढात तो पुन्हा हजर. शेवटी संस्थेने ठरवलं की ट्रॅक्टरला लावायचा फवारणी पंप घ्यायचा आणि रुंद पानाचं औषध मारायचं. त्या औषधाने गवत राहतं आणि तरोटा मरतो.

पंप निवडायला मी रत्नपालला घेऊन गोंदियाला गेलो. दुकानदाराने आम्हाला आधी ब्लोअर दाखवला, मोठा पंखा लावलेला. मला म्हणाला, "चुन्नीलालजी, यही ले जाओ. बारा एकड़ दो घंटे में साफ." मला तो आवडला होता. आवाजही जोरदार होता.

रत्नपाल म्हणाला, "साफ तं होईन, पर बाजूवाल्याची तूर बी साफ होईन."

त्याने दुकानदाराला टाकीत साधं पाणी भरायला लावलं, जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत अंथरली. ब्लोअर सुरू केल्यावर वर्तमानपत्रं भिजली ती भिजलीच, वीस पावलांवर उभ्या असलेल्या दुकानदाराच्या मोटारसायकलची सीटही ओली झाली. मग लांब पाइपाची बंदूक लावून पाहिली. तिने एक कागद चिंब आणि दुसरा कोरडा ठेवला. तिसरा पंप होता तो आडव्या दांडीचा. ट्रॅक्टरच्या मागे सहा मीटरची दांडी, तिच्यावर अर्ध्या अर्ध्या मीटरवर बारा नोझल, सगळे खाली तोंड करून. त्याने कागद सारखे भिजवले. रत्नपाल उकिडवा बसून कागदावरचे थेंब निरखत राहिला.

"दांडी बराबर हाय," तो म्हणाला. "नोझल बराबर नाही. हे कीड मारायचे हायेत. धुकं काढतात. धुकं उडते. मले चपट्या फवाऱ्याचे पाह्यजेत, मोठ्या थेंबाचे."

"सब एक ही है, भाई."

"एक हायेत तं मंग बदलून द्या ना."

दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या आणि बदलून दिले. येताना बसमध्ये मी म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम तू पूर्ण दिवसाचं केलंस. तो म्हणाला, "औषध आपल्या हातात हाय तवरच आपलं हाय, गुरुजी. एकडाव नोझलातून निंगालं का ते कोनाचंच नाही."

त्या दिवसांत तो फार खुशीत होता. दीप्ती, त्याची एकुलती मुलगी, देवरीला दिलेली. जावई अश्विनचं हायवेवर टायरचं दुकान. लग्नाला सात वर्षं झाली होती, एक मूल मधेच गेलं होतं आणि आता पुन्हा पाचवा महिना लागला होता. आमच्याकडे सातव्यात माहेरी आणतात. रत्नपालने पाचव्यातच आणली. सासूने विचारलं तेव्हा म्हणाला, "रस्ता खराब हाय, आताच नेतो, मंग आणखी खराब होईन." तिच्यासाठी त्याने खाटेला नवी नवार विणली, अंगणातल्या मोरीपर्यंत फरशा टाकल्या, पाय घसरू नये म्हणून. बायको धुरपता म्हणायची, मी पोटुशी होती तवा यायनं मले एक फरशी नाही टाकली. म्हणायची आणि हसायची.

पंप बसवायचं काम संस्थेच्या अंगणात चार दिवस चाललं. त्याला ट्रॅक्टरशी जोडणारा फिरता दांडा लांब निघाला. पंप वर उचलला की तो पंपातच घुसला असता. रत्नपालने खडूने खुणा केल्या आणि आतली नळी आणि बाहेरची नळी अगदी सारखी कापली. दांडी एका बाजूला झुकत होती. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली नळी घेऊन त्याने तिची दोन्ही टोकं सारखी केली. तरोट्याच्या शेंड्यापासून नोझल अर्धा मीटर वर हवं, म्हणून तेवढी बांबूची काडी कापून दांडीला बांधली. मग धुरपताने बचत गटाच्या भांड्यांतून एकाच मापाचे बारा गडवे आणले, प्रत्येक नोझलखाली एकेक ठेवला. मी हातात घड्याळ घेऊन एक मिनिट मोजायचं आणि दीप्तीने वहीत लिहायचं. ती माझीच विद्यार्थिनी, गणितात हुशार. खुर्ची आणून दिली तरी पायरीवरच बसायची.

दहा गडव्यांत आठशे मिलिलिटर भरलं. एकात साडेनऊशे. ते नोझल झिजलेलं, म्हणून त्याने बदललं. एकात कमी, म्हणजे तोंडाशी कचरा. मी खिशातून तार काढली तर त्याने माझा हात धरला.

"तार नोको, गुरुजी. भोक मोठं होते. मंग ते जास्त टाकत रायते अन् कोनाले दिसत बी नाही." त्याने दात घासायच्या जुन्या ब्रशने ते साफ केलं.

मग कुरणात पन्नास मीटर मोजून दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या, काठ्यांना धुरपताच्या फाटक्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या. ट्रॅक्टर ते अंतर पंचेचाळीस सेकंदांत जाईल असा गिअर आणि रेस ठरवली. हिशेब मी कागदावर केला, त्याने डोक्यात केला आणि दीप्तीने वहीत. तिघांचं उत्तर एकच आलं. एका एकराला शंभर लिटरला जरा कमी. चारशे लिटरची टाकी, बारा एकर, म्हणजे बरोबर तीन टाक्या. दीप्ती म्हणाली, "गुरुजी, यावेळी बाबाच्या आधी माझं आलं." खरंच आलं होतं. मला आठवतंय, ती तेव्हा वहीच्या कोऱ्या पानावर रेघा ओढत होती आणि एक हात पोटावर होता.

कोतवालाकडून गावात दवंडी द्यायची होती. मजकूर मी लिहिला. कुरणात औषध मारलं आहे, पंधरा दिवस ढोरं सोडू नका. भाजीचं एक अक्षर मी त्यात लिहिलं नाही. तरोट्याची भाजी मी दरवर्षी खातो. ती कोण कुठून खुडून आणतं हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता.

तो प्रश्न रत्नपालला पडला होता. हे मला पुढे कळलं, पण इथेच सांगतो. दीप्तीला त्या दिवसांत काही खाल्लेलं पोटात टिकत नव्हतं आणि तरोट्याच्या भाजीचे डोहाळे लागले होते. फवारणीच्या दिवशी सकाळी धुरपता नवऱ्याला म्हणाली, सगळा तरोटा मारता तं पोरीले भाजी कोठून आणू? तेव्हा त्याने कुरणाच्या टोकाची, बोडीच्या (म्हणजे लहान तळ्याच्या) पाळीपलीकडची, बांधापलीकडची, अर्धा एकर पट्टी सोडायचं ठरवलं. आदल्या दिवशीच्या लाल चिंध्यांच्या काठ्या उपटून त्या पट्टीच्या कडेला रोवल्या आणि गावातल्या बायांनाही सांगितलं की भाजी खुडायची तर फक्त बोडीकडची. हे सगळं मी कुरणात पोचायच्या आधी झालं. मी पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि हवा पडलेली होती.

दहाच्या सुमारास तिसरी टाकी संपत आली. औषध तीन टाक्यांचं मोजून मीच आणलं होतं, तिन्ही टाक्या पूर्ण भरल्या होत्या, त्यामुळे अर्ध्या एकराचं पाणी टाकीत उरलं. रत्नपाल ट्रॅक्टर उभा करून उतरला. बॅटरी कमजोर होती, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. धडधड चाललेली. तो माझ्याजवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "बोडीकडची पट्टी राखली हाय, गुरुजी. टाकीत थोडं हाय. मी पाणी घेऊन येतो."

मला ऐकू आलं, "पट्टी रायली हाय."

राखली आणि रायली. आमच्या बोलीत राहिली या शब्दाचं रायली होतं. राखली म्हणजे जपून ठेवली, रायली म्हणजे करायची बाकी आहे. मधल्या एका अक्षराचा फरक, तो इंजिनाच्या आवाजात गेला. मी पुन्हा विचारायला हवं होतं. पस्तीस वर्षं पोरांना सांगत आलो की ऐकू आलं नसेल तर हात वर करून विचारा. मी मान डोलावली.

तो बैलगाडी घेऊन पाणी आणायला गेला. उरलेल्या औषधात भरपूर पाणी मिसळून ते आधी फवारलेल्या जागेवरच फिरवून संपवायचं, असा त्याचा बेत होता. मला वाटलं, बिचारा सकाळपासून उपाशी आहे, पट्टी राहिली आहे, औषध आहे, आपण करून टाकू. आणि खरं सांगायचं तर मला ट्रॅक्टर चालवता येतो, हे कोणाला तरी दिसावं असंही वाटत होतं. मी चढलो. गिअर तोच, रेस तीच. पाळीपलीकडे गेलो. लाल चिंध्यांच्या काठ्या दिसल्या, त्या कालच्या मोजणीच्या असतील असं समजून उपटून बाजूला टाकल्या. दहा मिनिटांत पट्टी झाली. एकही जागा सुटली नाही. ट्रॅक्टर आणून होता तिथे उभा केला आणि सावलीत बसलो.

तो आला, टाकीत डोकावला. ती रिकामी होती.

"खाली कोनं केली?"

"मी केली. उरलेलं मारून टाकलं."

"पाणी नाही मिळवलं?"

"नाही."

त्याने घाम पुसला. "बरं," म्हणाला. मी ते फवारलेल्या जागेवरच मारलं असणार, असं त्याने धरलं. त्याच्या जागी दुसरं काही कोणी कशाला धरेल? तो ट्रॅक्टर घेऊन संस्थेच्या विहिरीवर गेला आणि दिवस कलेपर्यंत टाकी, पाइप, नोझल तीन-तीनदा धूत बसला. त्याच वेळी धुरपता टोपली घेऊन बोडीच्या पाळीपलीकडे गेली. धानाच्या रोवणीची घाई होती, बाकीच्या बाया वावरात. ती एकटीच होती. हे औषध पडल्यावर पहिला दिवस तरोटा छान टवटवीत दिसतो, दुसऱ्या दिवसापासून शेंडे मुरडतात. तिने कोवळे शेंडे बघून बघून खुडले.

संध्याकाळी घरात औषधाचा वास येत होता. सगळ्यांना वाटलं तो रत्नपालच्या अंगाचा आहे. धुरपताने त्याला दोनदा आंघोळ करायला लावली. कपडे बाहेर टाकले. त्याच्या स्वतःच्या नाकात तर सकाळपासून तोच वास भरला होता. दीप्तीने दोन वेळा मागून भाजी घेतली. खूप दिवसांनी पोटभर जेवली, म्हणून सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुरण बघायला गेलो तर रत्नपाल बोडीकडच्या पट्टीत विळा घेऊन तरोटा कापत होता. अर्ध्याहून जास्त कापून झाला होता. सकाळी सातला एवढं कापायचं तर तो उजाडायच्या आधीच आला असणार.

मी पाळीवरून ओरडलो, "अरे, कायले कापून राहिलास? फवारलेलं आहे ते. आपोआप मरते."

त्याने वर पाहिलं नाही. "मालूम हाय, गुरुजी," म्हणाला आणि कापत राहिला.

दुपारी तो दीप्तीला घेऊन बसस्टँडवर दिसला. सहज दाखवून आणतो म्हणाला. डॉक्टरने तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, ठोके चांगले आहेत म्हणाला. बारा दिवसांनी, भर दुपारी, दीप्तीच्या पोटात दुखायला लागलं. संस्थेच्या जीपमधून तिला गोंदियाला नेलं. संध्याकाळी रत्नपाल दवाखान्याबाहेर पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "पोरगी होती, गुरुजी." 

डॉक्टरचं म्हणणं, असं होतं, आधीही एकदा झालं आहे, कारण सांगता येत नाही.

चार दिवसांनी माझी बायको नंदाबाई त्यांच्याकडे भेटायला जाऊन आली. चुलीपुढे बसून मला सांगायला लागली की धुरपताबाई रडून रडून बोलत होती, पोरीनं भाजी मागतली म्हणून यायनं बोडीकडची पट्टी राखली होती, मी खुडून आणली, किती आवडीनं खाल्ली होती, अन् पाहा कसं झालं. नंदाबाई "राखली" म्हणाली. शांत घरात, चुलीपुढे, तो शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

मी उठून अंगणात गेलो.  रत्नपालकडे जाऊन पाय धरावेत असं वाटलं. पायात चपलाही घातल्या. मग वाटलं, डॉक्टर म्हणतो कारण सांगता येत नाही. आधीही एक गेलंच होतं. एका जेवणाने काय होतं? ही पळवाट मी तेव्हा पकडली आणि तिच्यावरून आठ वर्षं चालत राहिलो. चपला काढून आत आलो.

रत्नपालला ठाऊक असेल का, हा प्रश्न मला रोज पडायचा. त्याने पट्टी का कापली, हे न समजायला मी काही मूर्ख नव्हतो. पण दर आषाढात नंदाबाई यायची आणि सांगायची, धुरपताकडे आज तरोट्याची भाजी होती, रत्नपालभाऊ आवडीनं खाऊन राहिले होते. मग मला हायसं वाटायचं. ठाऊक असतं तर त्याला तो घास गिळवला असता का, असं मी स्वतःला विचारायचो आणि उत्तरही मीच द्यायचो. गणिताच्या मास्तराने उत्तर आधी ठरवून मागे मांडणी केली.

त्याने पुन्हा तो पंप हातात घेतला नाही. पुढच्या जूनमध्ये संस्थेने विचारलं तेव्हा म्हणाला, "दुसरा माणूस पाहा." दुसऱ्या माणसाने दोन हंगामांत दांडी वाकवली, नोझलात तारा घातल्या. आता तो पंप संस्थेच्या मागे पडून आहे, टाकीवर वेल चढले आहेत. रत्नपालने ट्रॅक्टरही सोडला आणि राइस मिलमध्ये पोती उचलायला लागला. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस पाठीवर पोती वाहत होता आणि मी सेक्रेटरीच्या खुर्चीतून बघत होतो. मिलमधून घरी जाताना तो मला नमस्कार करायचा. "जयभीम, गुरुजी." एकदाही चुकवला नाही.

दीप्तीला पुढे मूल झालं नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत धुरपता गेली. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत संपली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. मी निघालो तर रत्नपाल माझ्याबरोबर चालत कोपऱ्यापर्यंत आला, तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसला आणि मला हाताने बस म्हणाला.

"धुरपता गेली," तो म्हणाला. "आता बोला, गुरुजी."

मी कशाबद्दल असं विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. राखली आणि रायली. काठ्या. दहा मिनिटं. तो खाली बघत ऐकत होता.

"ते खाली टाकी डोक्यातून जाये ना, म्हणून दुसऱ्या दिवशी पाहाटेच गेलो, तं चाकाचे निशाण दिसले," तो म्हणाला. "ओल्या जमिनीत चाक लपते का? अन् बाजूनं शेंडे खुडलेले. मी उभ्या उभ्या समजलो."

"मग बोलला का नाहीस? मला चारचौघांत मारलं असतं तरी चाललं असतं."

"तुमाले मारलं असतं तं काऊन मारलं, असं धुरपतानं विचारलं असतं." तो म्हणाला. "तिनं आपल्या हातानं खुडली, आपल्या हातानं वाढली. तिले कळलं असतं तं ते एक दिवस बी जगली नसती. म्हणून शेंडे मुरडाच्या आधी पट्टी कापली. तिले दिसू नोको म्हणून. दरसाली ते भाजी करे अन् मी खाऊन राहिलो. नाही म्हटलं असतं तं पुन्हा काऊन."

मी रडायला लागलो. त्याने मला रडू दिलं. समजूत घातली नाही.

"डॉक्टरले मी त्याच दिवशी सांगतलं होतं," तो म्हणाला. "तो बी म्हणे, सांगता येत नाही. मले बी सांगता येत नाही. पर दीप्ती सोताले दोष देते. म्हणते, माहं शरीरच खराब. आठ साल झाले. तिले तुमी सांगा, गुरुजी. मले तिच्या मायचं नाव घेऊन नाही सांगता येत."

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला बस बदलून देवरीला गेलो. टायरच्या दुकानामागे दोन खोल्या. अश्विन दुकानात होता. दीप्तीने पाणी दिलं, चहा ठेवला. केस पांढरे व्हायला लागले आहेत तिचे. मी चहा होऊ दिला नाही, आधीच बोललो. ती गॅस बंद करून माझ्यासमोर जमिनीवर बसली. सगळं ऐकेपर्यंत तिने मला एकदाही थांबवलं नाही.

"आईले मालूम होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत नाही."

"मग बरं," ती म्हणाली. मग विचारलं, "अन् बाबाले?"

"दुसऱ्या दिवसापासून."

ती म्हणाली, "आषाढात मी माहेरी आली का आई ते भाजी वाढे. बाबा माह्या ताटातली बी उचलून घे. मले दे म्हणे. एक घास नाही खाऊ दे मले." मग म्हणाली, "मले वाटे, बाबाले गजब आवडते."

तिने पदराने तोंड झाकून घेतलं. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"गुरुजी, तुमी जा आता," ती पदराआडून म्हणाली.

मी उठलो. अश्विनने दुकानातून विचारलं, एवढ्यात निघालात, चहा घेतला का. मी हो म्हटलं. गोंदियाच्या बसला तासभर अवकाश होता. स्टँडवर बाकडं रिकामं होतं, पण मी बस येईपर्यंत उभाच राहिलो.